हिरवी खूण आणि १३० रुपये

सॉफ्टवेअरची चाचणी म्हणजे बटणं दाबून बघणं, असं मला इंटर्नशिपला जाईपर्यंत वाटायचं. तिथं बेळगावातल्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या बिलिंग आणि स्टॉकच्या सिस्टीमवर काम होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून आंघोळीच्या साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के होणार होता. तो बदल करून तपासायचं काम माझ्याकडं आलं.

पहिली युनिट टेस्ट. हिच्यात एकच छोटा हिशेब तपासतात. १००० रुपयांच्या साबणावर ५० रुपये कर येतो का? सिस्टीम जावात होती, म्हणून जेयुनिट वापरलं. हिरवी खूण उमटली, मी खूश!

दुसरी इंटिग्रेशन टेस्ट. बिल झालं की स्टॉक कमी होतो का, खात्यात नोंद जाते का, हे पाहायचं. सिस्टीमचे भाग एपीआयमधून एकमेकांशी बोलतात. ते पोस्टमननं तपासता येतं. आपल्या सीमाभागात इथं आणखी एक काम वाढतं. माल गावातच विकला तर केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के. तोच कोल्हापूरला गेला तर ५ टक्के आयजीएसटी. दोन्ही बिलं तपासली. पुन्हा हिरवी खूण.

तिसरी रिग्रेशन टेस्ट, म्हणजे नव्या बदलानं जुनं काही मोडलं नाही ना, हे बघणं. बिलापासून माल परतीपर्यंतच्या पायऱ्या सेलेनियम ब्राउझरमध्ये आपोआप करून बघतं. ही मी ‘नंतर बघू’ म्हणून सोडली होती. आमच्या सिनिअर ताईंनी चाचणीची तारीख पुढं नेली, ऑगस्टचं एक बिल काढलं आणि म्हणाल्या, “हा माल परत आलाय असं समज. क्रेडिट नोट कर.”

मूळ बिल होतं १००० अधिक १८० कर, म्हणजे ११८०. जुन्या विक्रीची क्रेडिट नोट जुन्याच दरानं व्हायला हवी. सिस्टीमनं दाखवले १०५०! ती मूळ बिलाची तारीख न बघता आजचा दर लावत होती. गिऱ्हाइकाचे १३० रुपये गेले असते, आणि माझ्या खुणा मात्र सगळ्या हिरव्या.

राहिल्या दोन. महिनाअखेरीस एकदम शंभर जण बिलं करू लागले तर सिस्टीम टिकेल का, ही लोड टेस्ट, तिला जेमीटर. आणि शेवटी रोज वापरणारा हिशेबनीस स्वतः वापरून बघतो, ती युएटी. तिथं माणूसच लागतो.

टूल आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. न विचारलेला प्रश्न आपलाच राहतो. आता दरबदलाचं काम आलं की मी आधी कागदावर दोन तारखा लिहितो: बदलाची, आणि तिच्या आदल्या दिवसाची.