रेंज फुल, नेट गुल

मीनू, हॉस्टेलवर गेल्यापासून तुझं एकच गाऱ्हाणं: रेंज फुल आहे, पण व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो. फोनवरच्या त्या काड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय एवढंच सांगतात. टॉवरवर जागा किती उरलीय, ते त्यात कळत नाही. टॉवरच्या एका अंगाला जेवढे फोन असतील, ते सगळे त्याच लहरी वाटून घेतात. रात्री नऊला तुमचं अख्खं हॉस्टेल व्हिडिओ लावून बसलं की एका पाइपावर सगळ्या वाडीचे नळ एकदम सुटावेत तशी गत होते. नवा महागडा फोन घेऊन हे सुटत नाही, तेव्हा बाबांकडे त्यासाठी हट्ट धरू नकोस.

टेलिफोन खात्यात आम्ही या वेळेला बिझी अवर म्हणायचो. एक्स्चेंज उभारायचं ते त्या गर्दीच्या तासाच्या हिशोबाने. खर्च सगळा त्या तासासाठी, एरवी यंत्रं बरीचशी रिकामी. म्हणून तर एसटीडीचा, म्हणजे परगावच्या कॉलचा, दर रात्री उशिरा पाव व्हायचा आणि माणसं जेवणं उरकून पीसीओच्या बूथबाहेर रांग लावायची. दर कमी करून गर्दी हलवायची, ही त्यातली युक्ती होती. आजच्या रोज दीड-दोन जीबीच्या बहुतेक पॅकमध्ये ती उरलेली नाही. पहाटे चारचा जीबी आणि रात्री नऊचा जीबी एकाच भावात, वर उरलेला डेटा मध्यरात्री बुडतो. मग संपवायच्या घाईने सगळे संध्याकाळीच तुटून पडतात. माझ्या मते ही दर ठरवण्यातलीच चूक आहे. तू आपलं मोठं डाउनलोड, ॲप अपडेट सकाळी लवकर उरकत जा, वायफाय असेल तर त्यावरच. व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद कर. हातातल्या फोनवर लेक्चर बघायला 480 पुरतं. 1080 लावलंस तर डेटा कितीतरी पटीने जातो.

गर्दीच्या ठिकाणी, म्हणजे आषाढीला पंढरपुरात किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत, चुकामूक झाल्यावर फोन लावत बसू नये. भेटायची जागा आधीच ठरवायची. निरोप द्यायचाच तर साधा एसएमएस कर. त्याला जागा फार थोडी लागते, उशिरा का होईना पोचतो.

आता पैशांचं. सप्टेंबर 2016 मध्ये, ऐन गणेश चतुर्थीला, जिओ सुरू झालं आणि मार्च 2017 पर्यंत डेटा फुकट मिळाला. त्याआधी एक जीबी अडीचशे रुपयांच्या घरात पडायचा. भाव कोसळले, स्मार्टफोन घरोघरी गेला, पण त्या स्पर्धेत अनेक कंपन्या बुडाल्या. व्होडाफोन आणि आयडिया 2018 मध्ये एक झाल्या. पुढे 2022 च्या लिलावात फाइव्ह-जीसह लहरींसाठी दीड लाख कोटींची बोली लागली. असला खर्च शेवटी रिचार्जमधूनच वसूल होतो. डिसेंबर 2019, नोव्हेंबर 2021, जुलै 2024 अशी तीनदा मोठी दरवाढ झाली. पुढेही होईल, असं धरूनच महिन्याचा खर्च बसव.

पॅक घेताना दिवस मोज. 28 दिवसांच्या पॅकने वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या 2022 च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला भरायचा, असे पॅकही ठेवावे लागतात. दुकानदार आपणहून दाखवत नाही, विचारावं लागतं.

आणि आजीच्या बटणाच्या फोनवर डेटाचा पॅक कशाला मारता? डिसेंबर 2024 च्या नियमाने फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालंय. सुट्टीत घरी आलीस की तिचा पॅक तेवढा बदलून दे.