तुटपुंज्या मिळकतीत चौरस आहार

घरात महिनाभर पुरेल इतका तांदूळ आहे, दोन्ही वेळा चूल पेटते, कोणीही उपाशी निजत नाही. आणि तरीही त्या घरातील माणसे कुपोषित आहेत, असे होऊ शकेल काय? वरवर पाहता हे अशक्य वाटते. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण सहसा धरून चालतो. परंतु तसे नाही. पोट कशानेही भरते. शरीर मात्र निवडक द्रव्यांनी पोसले जाते. मिळकत बेताची असली की या दोहोंतील अंतर वाढत जाते. ते कसे कमी करता येईल, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज 2250 उष्मांक मिळवून देणारा आहार ज्याला परवडत नाही तो दरिद्री, अशी त्यांची कसोटी होती. त्या काळी प्रश्न मुख्यतः उष्मांकांचा, म्हणजेच धान्याचा होता. आज पुष्कळ घरांत धान्याची चिंता कमी झाली आहे. त्यामुळे हिशेबाची पद्धतही बदलावयास हवी.

भिलाईचे उदाहरण

छत्तीसगढमधील दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे पोलादाचे नगर. सोव्हिएत संघाशी 1955 साली झालेल्या करारातून येथील कारखाना उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. कामाच्या शोधात देशाच्या नाना भागांतून माणसे येथे आली. विदर्भातील मराठी कुटुंबेही आली. या नगराची दोन रूपे आहेत. एक रूप सेक्टरांतील आखीव वसाहतींचे, जेथे कायम नोकरी असलेले कर्मचारी राहतात. दुसरे रूप खुर्सीपार, कॅम्प यांसारख्या वस्त्यांचे, जेथे ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम करणाऱ्यांची घरे आहेत. आपला विषय मुख्यतः या दुसऱ्या भिलाईशी संबंधित आहे.

छत्तीसगढला ‘धान का कटोरा’ म्हणतात. येथील माणसाचे जेवण म्हणजे भात. राज्याने 2012 साली, केंद्राच्या 2013 च्या कायद्याच्याही आधी, स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला आणि गरीब कुटुंबांना स्वस्त तांदळाचा हक्क दिला. 1 जानेवारी 2023 पासून राष्ट्रीय कायद्याखालील शिधाधान्य विनामूल्य मिळू लागले. हे फार मोठे काम झाले, यात शंका नाही. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहिले म्हणजे आपण थबकतो. 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण छत्तीसगढात 2015-16 साली सुमारे 47 टक्के होते. 2019-21 च्या पाहणीत ते सुमारे 61 टक्के आढळले. त्याच पाहणीत संपूर्ण भारताचा आकडा 57 टक्के होता. याची कारणे अनेक असतील. तथापि एवढे निश्चित, की केवळ तांदळाच्या पोत्याने रक्त वाढत नाही.

शिध्याचा हिशेब

समजा, खुर्सीपारमधील एका कुटुंबात पाच माणसे आहेत : रोजंदारीवर जाणारा पुरुष, त्याची पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि वृद्ध आई. शिधापत्रिकेवर त्यांना महिन्याला 35 किलो तांदूळ मिळतो. पाच माणसे आणि तीस दिवस असा भागाकार केला, तर माणशी रोज सुमारे 233 ग्रॅम तांदूळ येतो.

आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे पाहू. रोज 2000 उष्मांक देणाऱ्या ताटात तृणधान्ये 250 ग्रॅम, डाळी 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, तेलबिया व कवचफळे 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध किंवा दही 300 मिलिलिटर असावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आपल्या कुटुंबाचा तृणधान्याचा वाटा जवळजवळ भरून निघाला. त्यातून माणशी सुमारे 800 उष्मांक मिळतात. राहिलेले 1200 उष्मांक आणि प्रथिने, लोह, चुना व जीवनसत्त्वे यांचा मोठा भाग इतर पदार्थांतून यावयाचा आहे.

वास्तवात काय होते? हातात रोख पैसे आले की आणखी तांदूळ विकत घेतला जातो; वरण पातळ होते आणि भाजी तोंडी लावण्यापुरती उरते. पोलादी पत्रे उचलणाऱ्या माणसाला अधिक भात लागतो, हे खरेच आहे. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला 2110 उष्मांक पुरतात, तर फार कष्टाचे काम करणाऱ्याला 3470 लागतात, असे 2020 च्या शिफारशी सांगतात. परंतु हे वाढीव उष्मांक केवळ भातानेच भरून काढण्याचे कारण नाही. डाळ, शेंगदाणे आणि तेल यांतूनही ते मिळतात.

यावरून पहिला नियम निघतो : तांदूळ शिध्यातून येतो आहे, तर रोख पैशांची पहिली खरेदी डाळीची असावी. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे द्रव्य कमी असते, डाळीत ते भरपूर असते. डाळीत जे उणे असते ते तांदूळ पुरवतो. म्हणून दोन्ही एकत्र खाल्ल्याने दोहोंचे मोल वाढते. कच्च्या धान्याच्या तीन वाट्यांना डाळीची एक वाटी, हे प्रमाण चांगले. आपल्या कुटुंबाला त्याप्रमाणे महिन्याला साडेअकरा किलोंच्या आसपास डाळी व कडधान्ये लागतील. एवढी परवडत नसतील, तर सात-आठ किलोंपासून आरंभ करावा. मात्र महिन्याच्या यादीत डाळ सर्वांत वर लिहावी.

किलोचा भाव आणि पोषणाचा भाव

बाजारात आपण किलोचा भाव विचारतो. खरे तर विचारावयाचा तो पोषणाचा भाव. त्याची रीत सोपी आहे. पदार्थाच्या किलोच्या भावाला त्याच्या 100 ग्रॅममधील प्रथिनांच्या आकड्याने भागावे. उत्तर येते ते 10 ग्रॅम प्रथिनांच्या किमतीचे. पुढील भाव केवळ उदाहरणादाखल मानलेले आहेत. वाचकांनी आपल्या बाजारातील भाव घालून हिशेब करावा.

तूरडाळ, किलोस 140 रुपये, प्रथिने 22 : सुमारे 6 रुपये 40 पैसे.
हरभरा, किलोस 80 रुपये, प्रथिने 19 : सुमारे 4 रुपये 20 पैसे.
शेंगदाणे, किलोस 120 रुपये, प्रथिने 24 : 5 रुपये.
सोयाबीनच्या वड्या, किलोस 150 रुपये, प्रथिने 52 : सुमारे 2 रुपये 90 पैसे.
अंडे, नगास 7 रुपये, एकात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने : सुमारे 11 रुपये 70 पैसे.
गोड बिस्किटे, किलोस 120 रुपये, प्रथिने 7 : सुमारे 17 रुपये.

पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा स्वस्त वाटतो, तो पुडा लहान असतो म्हणून. मुलाच्या हाती त्याऐवजी फुटाणे-शेंगदाण्यांची मूठ दिली, तर तेवढ्याच पैशांत कितीतरी अधिक मिळते. मात्र या हिशेबालाही मर्यादा आहे. अंडी आणि दूध या यादीत महाग ठरतील. पण त्यांत ब-12 जीवनसत्त्व असते, ते डाळींत नसते. म्हणून मुलांना आणि गरोदर स्त्रीला आठवड्यातून काही अंडी किंवा रोज थोडे दूध द्यावे. चुन्यासाठी नाचणी उत्तम. बस्तरात तिला मंडिया म्हणतात आणि तिची पेज करतात.

स्वस्त डाळीच्या मोहात एक धोका आहे. छत्तीसगढात भाताच्या उभ्या पिकात ओल असतानाच तिवरा फेकून पेरतात. हीच विदर्भातील लाख किंवा लाखोळी. हिची डाळ अनेक महिने मोठ्या प्रमाणात, जवळजवळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडण्याचा रोग होतो. म्हणून 1961 साली केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी घातली; तरी लागवड चालूच राहिली. तुरीच्या डाळीत आणि बेसनात तिची भेसळही होते. फार स्वस्त मिळणारे बेसन घेण्यापेक्षा हरभरा आणून दळून घेणे हिताचे.

भाजीचा बाजार

सुपेल्याचा रविवारचा बाजार भिलाईत प्रसिद्ध आहे. हंगामातली भाजी घ्यावी आणि दिवस मावळताना घ्यावी, हे जुन्या गृहिणी जाणतात. विक्रेत्याला उरलेला पाला परत न्यावयाचा नसतो. छत्तीसगढइतका पालेभाज्यांचा सोस क्वचितच कोठे दिसेल. येथील लाल भाजी म्हणजे आपला लाल माठ, मुनगा म्हणजे शेवगा, आणि पावसाळ्यात आपोआप उगवणारा चरोटा म्हणजे टाकळा. शेवग्याच्या शेंगा आपण विकत घेतो आणि पाला टाकून देतो. वास्तविक चुना आणि अ जीवनसत्त्व देणारे द्रव्य यांचा तो मोठा साठा आहे, आणि अंगणात एक झाड असले तर फुकटचा आहे. मात्र कारखान्यांच्या गावात एक पथ्य पाळावे : रहदारीच्या रस्त्याकडेचा व सांडपाण्याच्या नाल्याकाठचा पाला खुडू नये.

हिवाळ्यात कोहळे आणि उडीद यांच्या ‘रखिया बडी’ उन्हात वाळवून ठेवतात. भाजी महाग होते तेव्हा या वड्या कामी येतात, आणि त्यांत डाळही असते.

चुलीपाशी होणारे नुकसान

विकत आणलेले पोषण स्वयंपाकात वाया जाऊ नये. तांदूळ चोळून अनेकदा धुतल्याने आणि भाताचा माड ओतून दिल्याने ब गटातील जीवनसत्त्वे निघून जातात. 1918 साली दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाची चौकशी सुरू केली. आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा उगम तोच. फार सडलेल्या तांदळावर जगणाऱ्यांना हा रोग होतो. उकडा तांदूळ यासाठीच चांगला : धान उकडताना ही जीवनसत्त्वे दाण्याच्या आत शिरतात. भात बेताच्या पाण्यात शिजवावा. माड काढलाच, तर तो वरणात घालावा. छत्तीसगढात याला पसिया म्हणतात आणि पितात.

शिध्याच्या तांदळात आता काही दाणे निराळे दिसतात. ते प्लास्टिकचे समजून निवडून टाकले जातात. ते लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 मिसळून केलेले दाणे होत; ते टाकू नयेत. घरात सिकलसेल किंवा थॅलसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारावे.

रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खाण्याची ‘बोरे बासी’ची रीत उत्तमच आहे. 2022 साली 1 मे रोजी राज्यभर तिचा दिवसही साजरा झाला. मात्र नुसत्या कांदा-मिरचीबरोबर तिने पोटच भरते. जोडीला दही, भाजी किंवा भाजलेले शेंगदाणे असावेत. पाणी स्वच्छ असावे आणि भात एका रात्रीहून जुना नसावा.

पालेभाजीतील लोह शरीरात मुरण्यास लिंबू किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्व मदत करते, आणि चहा अडथळा करतो. जेवणाबरोबरचा चहा तासाभराने पुढे ढकलला, तर एक पैसाही खर्च न होता लाभ होतो.

पैसा घरी पोचण्यापूर्वी

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरा येथे 1977 साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाणमजुरांची संघटना उभी राहिली. लढा देऊन मजुरी वाढली. परंतु वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यात जाऊ लागली. तेव्हा संघटनेने दारूबंदीची चळवळ हाती घेतली आणि तीत स्त्रियांनी मोठा भाग घेतला. याच कामगारांनी 1983 साली शहीद रुग्णालय उभारले. आहाराचा हिशेब स्वयंपाकघरात सुरू होत नाही, मजुरीच्या दिवशी सुरू होतो, हा यातील धडा. मजुरी मिळताच डाळ आणि तेल महिन्याचे भरून टाकावे. घरात आलेली डाळ कोणी परत नेऊ शकत नाही.

शेवटचे ताट

सर्वांत अवघड प्रश्न आता उरतो. आपल्या कुटुंबाने वरील सर्व नियम पाळले, असे समजा. पुरुष आधी जेवला, मग मुले, मग आजी. शेवटी घरधनीण बसली, तेव्हा भात आहे. वरणाचे पातेले मात्र खरवडलेले आहे आणि भाजी संपली आहे. तिचे पोट भरते. तिचे पोषण होत नाही. रक्तक्षयाच्या आकड्यांमागे असे शेवटचे ताट किती घरांत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. गरोदरपणी हीच उणीव पोटातील मुलापर्यंत पोचते.

यावर उपाय खर्चाचा नाही. जेवणास आरंभ करण्यापूर्वी वरण आणि भाजी यांचे पाच वाटे करून झाकून ठेवावेत. भात ज्याने त्याने भुकेप्रमाणे घ्यावा, वरण-भाजी वाट्याप्रमाणे. शक्य असेल तेथे सर्वांनी एकत्र बसावे. हे काम घरधनिणीवर सोपवू नये, कारण ती स्वतःचा वाटा मुलांच्या ताटात घालील. ते घरातील पुरुषाने किंवा आजीने करावे.

अभ्यास

1. आपल्या घरात महिन्याला किती तृणधान्य आणि किती डाळ लागते, ते लिहून काढा. तीनास एक या प्रमाणापासून आपण किती दूर आहोत?
2. आपल्या बाजारातील पाच पदार्थांच्या 10 ग्रॅम प्रथिनांची किंमत काढा.
3. सलग सात दिवस, घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीच्या ताटात काय होते, त्याची नोंद ठेवा.