हाताची ओळख

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१-१३, नीतिसूत्रे १८:२४, योहान १५:१२-१७

उपासना संपते, आशीर्वाद होतो आणि मंदिराच्या दाराशी आपण एकमेकांचे हात हाती घेतो. कोणी 'जय ख्रिस्त' म्हणतो, कोणी घरच्यांची विचारपूस करतो. त्या क्षणी आपल्या हाती आलेल्या हाताविषयी आपल्याला काय कळते? खरे सांगायचे तर बहुधा काहीच कळत नाही. हाताला हात लागलेला असतो, पण दृष्टी पुढच्या माणसाकडे गेलेली असते.

या पाठात आपण मैत्रीचा विचार करणार आहोत आणि त्यासाठी मुलांच्या एका परीकथेचे साहाय्य घेणार आहोत. प्रौढ वाचकांनी हे पाहून पान उलटू नये. प्रभू येशूने शेतकरी, मेंढपाळ आणि हरवलेले नाणे शोधणारी स्त्री यांच्या कथांतून देवराज्याची रहस्ये सांगितली. परीकथा म्हणजे शास्त्र नव्हे, परंतु चांगली कथा शास्त्राकडे जाणाऱ्या वाटेवर कंदिलासारखी उपयोगी पडू शकते.

लेखक व त्याची कथा

जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांचा जन्म १८२४ साली स्कॉटलंडमधील हंटली या गावी झाला. १८५० साली ते इंग्लंडमधील अरुंडेल येथील मंडळीचे पाळक झाले. त्यांची शिकवण काही पुढाऱ्यांना रुचली नाही. त्यांचे वेतन कमी करण्यात आले आणि १८५३ साली त्यांनी ते पद सोडले. पुढे त्यांची लेखणी हेच त्यांचे व्यासपीठ झाले. सी. एस. लुईस यांनी मॅक्डोनाल्ड यांना आपले गुरू मानले आणि १९४६ साली त्यांच्या लिखाणातील निवडक उताऱ्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. १९०५ साली मॅक्डोनाल्ड यांचे निधन झाले.

त्यांचे 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन' हे पुस्तक १८७२ साली प्रसिद्ध झाले. आयरीन ही लहान राजकन्या आणि कर्डी हा खाणकामगाराचा मुलगा यांची ती कथा आहे. वाड्याच्या मनोऱ्यात आयरीनची एक अतिवृद्ध, तरीही अतिसुंदर पणजी राहते. ती तिला अदृश्य धागा देते. त्या धाग्याच्या आधाराने ही चिमुरडी डोंगराच्या पोटात शिरते आणि भुतावळीच्या कैदेतून कर्डीची सुटका करते. पण मनोऱ्यात नेल्यावर कर्डीला पणजी दिसत नाही. तो आयरीनच्या बोलण्यावर विश्वास ठेवीत नाही आणि तिचे मन दुखावते. पुढे त्याला आपली चूक उमगते व कथा गोड होते.

आपल्याला पाहायचा आहे तो या कथेचा दुसरा भाग, 'द प्रिन्सेस अँड कर्डी'. तो पुस्तकरूपाने १८८३ साली निघाला. पहिल्या भागात मैत्री जुळते, तर दुसऱ्या भागात तिची कसोटी लागते.

१. मैत्री कशी विझते

दुसऱ्या भागाच्या प्रारंभी आयरीन आपल्या पित्यासह दूर राजधानीत गेलेली आहे. कर्डी आईवडिलांजवळ राहून खाणीत काम करतो. तो कोणाचा द्वेष करीत नाही, चोरी करीत नाही. पण पूर्वी जे पाहिले, जे अनुभवले, त्याविषयी त्याच्या मनात हळूहळू शंका येऊ लागतात. एके दिवशी तो आपल्या धनुष्याने एका पांढऱ्या कबुतराला बाण मारतो. जखमी पाखरू हातात घेताच त्याचे डोळे उघडतात. ते घेऊन तो धावत मनोऱ्यात जातो, आणि या वेळी पणजी त्याला दिसते. तिच्यापुढे तो जे कबूल करतो ते ध्यानात घेण्याजोगे आहे. दोष केवळ त्या एका बाणाचा नव्हता. अधिक चांगले होण्याची इच्छाच आपण कधीपासून सोडून दिली होती, हे त्याला कळून येते.

वाचकहो, मैत्री बहुधा भांडणाने तुटत नाही, ती दुर्लक्षाने विझते. पत्र लिहायचे राहून जाते. आजारी सोबत्याला भेटायचे पुढच्या रविवारवर जाते. शेजाऱ्याच्या दुःखाची बातमी कानी येते आणि 'जाऊ कधीतरी' असे आपण म्हणतो. प्रकटीकरण २:४ मध्ये इफिस येथील मंडळीवर प्रभूने ठेवलेला दोष हाच होता. तिचे श्रम व तिची सहनशीलता त्याला मान्य होती, पण तिने आपली पहिली प्रीती सोडली होती. कर्डीच्या हातून पाखरू घायाळ झाले तेव्हा त्याला कळले. आपल्याला कळण्यासाठी कोणी घायाळ व्हावे लागते काय?

२. अग्नीतून गेलेले हात

पणजी कर्डीला एका कामगिरीसाठी बोलावते. मनोऱ्यात गुलाबांचा अग्नी धगधगत असतो. त्यात दोन्ही हात घालण्यास ती त्याला सांगते. वेदना असह्य असतात, पण तो हात मागे घेत नाही. हात बाहेर काढल्यावर पाहतो तो कष्टाने आलेले घट्टे नाहीसे होऊन ते कोमल झालेले असतात. त्यांना एक नवे दानही मिळालेले असते. माणसे आतून घडत तरी असतात किंवा पशुत्वाकडे घसरत तरी असतात, आणि ज्यांची घसरण चालू असते त्यांना ती कळत नाही. आता कर्डीने कोणाचा हात धरला की तो आतून काय होत आहे हे त्याला स्पर्शाने समजणार असते. पुढे राजवाड्यात राजाला औषधाच्या नावाखाली विष देणाऱ्या वैद्याचा हात त्याच्या हाती येतो, तेव्हा त्याला सरपटणाऱ्या प्राण्याचे अंग हाती आल्यासारखे वाटते.

माणूस पशुत्वाकडे जातो हा विचार शास्त्राला नवा नाही. ज्याला मान आहे पण समज नाही अशा मनुष्याची तुलना स्तोत्र ४९:२० मध्ये नाश पावणाऱ्या पशूंशी केली आहे. दानिएलाच्या चौथ्या अध्यायात नबुखद्नेस्सर राजाला मनुष्याच्या हृदयाऐवजी पशूचे हृदय मिळते. तो गर्वाने उंच झाला आणि गवत खाऊ लागला.

स्पर्शाविषयीचा दुसरा एक प्रसंगही आठवा. उत्पत्तीच्या सत्ताविसाव्या अध्यायात आंधळा इसहाक आपल्या पुत्राचे हात चाचपतो. वाणी याकोबाची आहे हे त्याला जाणवते, पण हातांवरील केस एसावाचे वाटतात आणि तो फसतो. केवळ स्पर्श पुरेसा नाही. हात आधी अग्नीतून जावे लागतात. यशयाच्या ओठांना वेदीवरील निखारा लागला (यशया ६:६-७), त्यानंतरच त्याला लोकांकडे पाठवण्यात आले. कर्डीने प्रथम आपला बाण कबूल केला, आपले हात जळू दिले आणि मगच त्याला इतरांचे हात ओळखता आले. आपल्या डोळ्यातील मुसळ आधी काढण्याची प्रभूची आज्ञा (मत्तय ७:५) हाच क्रम सांगते.

३. लीनाचा पंजा

यानंतरचा प्रसंग या कथेचे हृदय आहे. पणजी लीना नावाच्या प्राण्याला बोलावते. तो इतका कुरूप असतो की पाहताच अंगावर काटा यावा. हत्तीसारखे पाय, विद्रूप तोंड, बाहेर आलेले भयंकर दात. त्याचा पंजा हाती घेण्यास पणजी कर्डीला सांगते. तो भीत भीत पंजा धरतो आणि चकित होतो, कारण त्या ओबडधोबड पंजाच्या आत त्याला एका लहान बालकाचा मऊ हात लागतो.

हीच लीना पुढे त्याची सोबतीण होते. वाटेतील संकटांत ती त्याचे रक्षण करते आणि राजधानीतील कट मोडण्यास साहाय्य करते. तेथील दरबारी दिसण्यात सभ्य व पोशाखात नेटके असतात, पण आतून ते श्वापदे झालेले असतात. श्वापद दिसणारी लीना मात्र आतून बालक असते. घर सोडण्यापूर्वी कर्डी आपल्या आईचाही हात धरतो. कष्टाने खरखरीत झालेला तो हात त्याला राजवंशी पणजीच्या हातासारखाच जाणवतो.

१ शमुवेल १६:७ मध्ये परमेश्वर शमुवेलाला जे सांगतो त्याची मूळ इब्री रचना फार नेमकी आहे. मनुष्य 'डोळ्यांना जे दिसते' ते पाहतो आणि परमेश्वर 'हृदयाला' पाहतो, असा तिचा आशय आहे. शमुवेल हा संदेष्टा होता, तरी अलियाबाची उंची पाहून तोही चुकला. मग आपली कथा काय!

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका लहान गावातील मंडळीत मी उपदेशासाठी गेलो होतो. उपासनेनंतर एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. कुष्ठरोगातून ते पूर्ण बरे झाले होते, पण रोगाने त्यांची बोटे नेली होती. त्यांनी हात पुढे केला. त्या हातापासून मला कोणताही धोका नाही हे मी जाणत होतो, तरी मी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. नमस्कार ही आपल्या देशाची सुंदर रीत आहे, पण त्या दिवशी मी तिच्याआड लपलो. त्यांना ते कळले. त्यांनी हात मागे घेतला, उरलेले तळवे जोडले आणि हसून म्हणाले, "जय ख्रिस्त, साहेब." दोन वर्षांनी मी पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा ते प्रभूमध्ये निजले होते. मार्क १:४१ मध्ये प्रभूने हात पुढे करून कुष्ठरोग्याला स्पर्श केला. शब्दानेच तो त्याला बरे करू शकला असता. तो स्पर्श का आवश्यक होता हे मी पुस्तकांतून शिकलो होतो, पण मला ते समजले ते त्या गृहस्थांच्या मागे घेतलेल्या हातामुळे.

४. 'मित्र' हा शब्द

भाषांतराच्या कामात साधे शब्दच अधिक छळतात. नीतिसूत्रे १८:२४ मध्ये मैत्रीसाठी दोन वेगळे इब्री शब्द आले आहेत. पुष्कळ सोबती असणाऱ्या मनुष्याचा उल्लेख करताना 'रेआ' हा शब्द योजला आहे. त्याचा अर्थ सोबती, शेजारी, ओळखीचा असा होतो. पण भावापेक्षाही जवळ राहणाऱ्यासाठी 'ओहेव', म्हणजे 'प्रीती करणारा', हा शब्द येतो. त्याचे वर्णन ज्या धातूने केले आहे तो चिकटून राहण्याचा अर्थ देतो. रूथ नामीला बिलगून राहिली, तेथेही तोच धातू आहे (रूथ १:१४). सोबती पुष्कळ असू शकतात, बिलगून राहणारा एखादाच असतो.

नव्या करारातही असा भेद दिसतो. योहान १५:१५ मध्ये प्रभू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. तेथील ग्रीक शब्द 'फिलोस' हा प्रीतीच्या धातूशी जोडलेला आहे. याउलट गेथशेमाने बागेत यहूदा मुका घेण्यास येतो तेव्हा प्रभू त्याला 'हेताइरे' म्हणून हाक मारतो (मत्तय २६:५०). ही हाक 'गड्या' किंवा 'सोबत्या' अशा अर्थाची आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात हे संबोधन आणखी दोन ठिकाणी येते (२०:१३, २२:१२), आणि तेथेही ते चुकलेल्या मनुष्यालाच उद्देशून आहे. यहूदाच्या अंतःकरणात काय आहे हे प्रभूला ठाऊक होते, तरी त्याने त्याला हाक मारली. कर्डीचे दान माणूस ओळखण्याचे होते. ख्रिस्ताची प्रीती ओळखूनही हाक मारते.

५. सावधगिरीचे दोन शब्द

पहिला असा. ही कथा वाचून कोणी म्हणेल, 'मलाही माणसे ओळखता येतात.' कृपा करून थांबा. पणजीने कर्डीला बजावले होते की हे दान स्वार्थासाठी वापरल्यास नाहीसे होईल. आपल्या मंडळ्यांत आत्म्याच्या नावाने इतरांची पारख करणारे थोडे नाहीत. पण त्यांच्यापैकी कितीजण दुसऱ्याच्या पंजात बालकाचा हात शोधतात, आणि कितीजण केवळ नखे मोजतात?

दुसरा असा. कथेतील पणजी म्हणजे देव नव्हे आणि गुलाबांचा अग्नी म्हणजे वधस्तंभ नव्हे. कथेला तिच्या मर्यादेत राहू द्यावे. मॅक्डोनाल्ड यांनीही शेवट गोड करून ठेवलेला नाही. लीना अखेर स्वतः होऊन त्या अग्नीत शिरते व दिसेनाशी होते. कर्डी व आयरीन विवाह करून राज्य करतात, पण त्यांना मूल होत नाही. त्यांच्यामागून आलेला राजा सोन्याच्या लोभाने नगराखालचा खडक पोखरत राहतो, आणि शेवटी सारे नगर कोसळते. दोघांची मैत्री कितीही खरी असली, तरी नगराने ती आपली केली नाही तर नगर वाचत नाही.

आपल्यासाठी बोध

गलतीकरांस २:९ मध्ये याकोब, केफा व योहान यांनी पौल व बर्णबा यांना सहभागितेचा उजवा हात दिल्याचे लिहिले आहे. एके काळी मंडळीचा छळ करणारा तो हात होता आणि त्यांनी तो धरला. आपल्या मंडळ्यांत आज कोणता हात पुढे येऊन रिकामाच मागे जातो? दुसऱ्या जातीतून नुकत्याच आलेल्या बांधवाचा? कामासाठी परप्रांतातून आलेल्या, आपली भाषा न येणाऱ्या कुटुंबाचा? मंदिर झाडणाऱ्या भगिनीचा? महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती वाचकांना परक्या मंडळीत दाराशी एकटे उभे राहणे म्हणजे काय हे कोणी सांगावयास नको. त्यांनी तरी ते विसरू नये.

येत्या रविवारी दाराशी उभे असताना एकच करा. ज्याचा हात तुम्ही आजवर टाळला, तो प्रथम हाती घ्या आणि धरून ठेवा. आत बालकाचा हात आहे की नाही हे कदाचित तुम्हाला कळणार नाही. पण समोरच्याला तुमचा हात कळेल.

मननासाठी प्रश्न

१. दुर्लक्षामुळे विझलेली एखादी मैत्री तुम्हाला आठवते काय? ती पुन्हा पेटवण्यासाठी या आठवड्यात कोणते पहिले पाऊल उचलाल?

२. १ शमुवेल १६:७ च्या प्रकाशात, तुमच्या मंडळीत 'डोळ्यांना दिसते' तेवढ्यावरून कोणाविषयी मत बनवले गेले आहे?

३. यहूदाला प्रभूने मारलेली हाक तुम्हाला काय शिकवते?

४. शब्बाथशाळेत मुलांना लीनाची गोष्ट आपल्या शब्दांत सांगा आणि विचारा : तुम्हाला कोणाचा हात धरायला भीती वाटते?

प्रार्थना : हे प्रभो, तू आमचे घाणेरडे हात हाती घेतलेस आणि ते सोडले नाहीस. आमचे हात तुझ्या अग्नीत शुद्ध कर. जे आम्ही मागे घेतले, ते पुन्हा पुढे करण्याची कृपा दे. आमेन.