मुलांची बॅच हाती घेताना

चि. सोनूस,


गोल्फ रेंजवरची लहान मुलांची बॅच तुझ्याकडे आली, हे वहिनींकडून कळलं. फार बरं वाटलं. वर्षभरात एखादा तरी कप यावा अशी कमिटीची इच्छा आहे, हेही त्यांनीच सांगितलं. त्या कपाच्या मागे तू लागू नकोस. दहाव्या वर्षी जिंकणारं पोर विसाव्या वर्षी खेळत असेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. तुझ्या कामाचा हिशोब मात्र तेव्हाच होणार.

आधी पोरांच्या बॅगा हलक्या कर. नियमात १४ क्लब म्हटलंय ती वरची मर्यादा आहे, तेवढे घेतलेच पाहिजेत असं नाही. आपल्याकडे वडील स्वतःचे जुने क्लब कापून मुलाच्या हातात देतात. कापल्याने लांबी कमी होते, पण शाफ्ट आणखी ताठ होतो आणि डोकं तेवढंच जड राहतं. ते पेलायला पोरगं मूठ आवळतं, अंग मागे झोकतं आणि पुढे ती ग्रिप सोडवता सोडवता तुझ्या नाकी नऊ येतात. हलक्या शाफ्टचे पटर, वेज, सेव्हन आयर्न आणि एक फेअरवे वूड, एवढ्यावर दोन वर्षं निघतात.

शिकवायची सुरुवात होलपासून कर आणि मागे मागे जा. होल सव्वाचार इंचांचं, थोरांना आणि पोरांना सारखंच. अंतर मात्र आपल्या हातात असतं. अमेरिकेत ‘ऑपरेशन ३६’ नावाची पद्धत आहे: २५ यार्डांवरून नऊ होल खेळायची, ३६ फटक्यांत संपवली की ५० यार्डांवर जायचं, मग १००. मला ती पटते, कारण पोराला पहिल्याच महिन्यात पार म्हणजे काय ते कळतं. मोठ्यांच्या टीवरून खेळवलं तर त्याला नुसतं धोपटणं कळतं.

धोपटू नये असं मात्र नाही. रेंजवर जोरात मारू दे, फक्त शेवटी तोल सांभाळून उभं राहायला सांग. ‘हळू मार, सरळ मार’ हा मागून येणारा पालकांचा घोष बंद कर. दिशा पुढे सुधारता येते. वेगाची सवय मोठेपणी लावायला फार कष्ट पडतात. क्रिकेट, पोहणं, खोखो सोडायला कुणालाही सांगू नकोस. चेंडू लांब फेकणाऱ्या पोराची कंबर आणि खांदे कसे वळतात ते एकदा नीट बघ, स्विंगचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

सगळ्यात जपायचा काळ उंची वाढण्याचा. मुलींचा साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांचा चौदाव्या. दर तीन महिन्यांनी उंची मोजून वहीत लिही. हात-पाय एकदम लांबतात, काल जमणारा फटका आज जमत नाही, स्कोअर चढतो. पोर रडकुंडीला येतं आणि नेमके याच वेळी पालक कोच बदलतात. त्या दिवसांत स्विंगमध्ये नवं काही घालू नकोस. रेंजवरचे बॉल निम्मे कर, चिपिंग-पटिंग वाढव. कंबर दुखते म्हणालं तर त्या दिवसापासून स्विंग बंद आणि डॉक्टर. वाढत्या वयातल्या मणक्याला वारंवार पीळ बसून हाडाला बारीक तडा जाऊ शकतो, म्हणून ‘थोडं दुखतंच’ हे वाक्य तुझ्या तोंडी नको.

पालक टायगर वुड्सचं उदाहरण देतील. दोन वर्षांचा असताना तो टीव्हीवर पटिंग करत होता, हे खरंच आहे. तू त्यांना यांग योंग-उनचं नाव सांग. या कोरियन गड्याने एकोणिसाव्या वर्षी क्लब हातात घेतला आणि २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या दिवशी त्याच टायगरला मागे टाकलं. दोन्ही टोकाचीच माणसं, पण पालकांपुढे एकच टोक असतं. आपली अदिती अशोक पाचव्या वर्षी शिकू लागली, रिओ ऑलिंपिकला अठराव्या वर्षी खेळली आणि टोकियोत एका फटक्याने पदक हुकून चौथी आली. लांब मारणाऱ्यांत तिची गणना नव्हती. तिला तारलं पटरने. रिओत तिची बॅग वडिलांनी उचलली होती, टोकियोत आईने. आई-वडिलांनी बॅग जरूर उचलावी. पोराच्या हातातला क्लब बदलू नये.

स्कोअरकार्ड पोरालाच लिहू दे. झुडपात चार फटके गेले तर चार लिहायचे. स्वतःवरचा दंड स्वतःच पुकारायचा हा या खेळाचा कणा आहे, आणि तो मोडायला बहुतेक वेळा घरचंच माणूस पेन्सिल घेऊन टपलेलं असतं. तिथे तू कडक राहा, एरवी हसतखेळत.

एक मागणं आहे. बॅचमध्ये दोन जागा कॅडींच्या मुलांसाठी बिनफीच्या ठेव. कोर्सच्या कडेला बसून स्विंग बघण्यात त्यांची वर्षं गेलेली असतात. त्यांना हवी असते ग्रीनवर पाऊल ठेवण्याची परवानगी. कमिटी कुरकुर करेल. दोघांच्या हातातल्या क्लबांचा खर्च माझ्याकडे लागला असं त्यांना सांग, आणि मला दोघांची उंची अन् मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप कळव. बूट घालून मोज.

तुझा,
काका