क्रूप : रात्रीचा खोकला आणि पालकांची दक्षता

क्रूप हा मुख्यत्वे ६ महिने ते ३ वर्षे वयाच्या बालकांना होणारा स्वरयंत्र व श्वासनलिकेचा विषाणुजन्य विकार आहे. एक-दोन दिवस सर्दी व ताप असतो. मग रात्री अचानक कुत्र्याच्या भुंकण्यासारखा खोकला येऊ लागतो, आवाज बसतो आणि श्वास आत घेताना कर्कश ध्वनी येतो. बालकाची श्वासनलिका मुळातच अरुंद असल्याने थोड्याशा सुजेनेही श्वासास अडथळा होतो. मूल रडू लागले की त्रास अधिकच वाढतो. म्हणून त्यास शांत ठेवणे हाच घरचा पहिला उपचार होय.

बालकास मांडीवर ताठ बसवून धीर द्यावा. अंगावरचे दूध किंवा पाणी थोडे थोडे पाजावे. ताप असल्यास डॉक्टरांनी वजनानुसार ठरवून दिलेले पॅरासिटामॉल द्यावे. घसा पाहण्यासाठी तोंडात चमचा घालू नये. वाफाऱ्याचा क्रूपमध्ये उपयोग सिद्ध झालेला नाही. भाजण्याचा धोका मात्र निश्चित असतो.

शांत असतानाही श्वासाचा कर्कश आवाज, छाती आत ओढली जाणे, ओठ निळसर होणे, लाळ गळणे किंवा गुंगी, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे डेक्सामेथासोनच्या बहुधा एकाच मात्रेने सूज उतरू लागते. घटसर्पातही असाच त्रास होऊ शकतो. म्हणून लसीकरणाचे कार्ड सोबत न्यावे.

योग्य काळजी घेतल्यास बहुतेक बालके काही दिवसांतच पूर्ण बरी होतात.