माठ, वाळवण आणि घाम

मे महिन्याची सुट्टी लागली की मराठवाड्यातील आमच्या घरी मुलांच्या वाट्याला दोन कामे ठरलेली असत. सायंकाळी आडाचे पाणी शेंदून माठ भरायचे आणि सकाळी माळवदावर घातलेल्या कुरडया-पापडांची कावळ्यांपासून राखण करायची. राखणीचा मोबदला म्हणजे अर्धवट वाळलेली कुरडई, आणि खाली उतरल्यावर माठातले तांब्याभर गार पाणी!

पुढे मी महाविद्यालयात शिकवू लागलो. एकदा रत्नागिरीकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, आमच्याकडेही माठ आहे. पण त्यातले पाणी तुम्ही म्हणता तसे गार होत नाही. माठ वाईट आहे का?" प्रश्न मोठा मार्मिक होता. त्याचे उत्तर शोधू या.

माठाची भाजलेली माती सच्छिद्र असते. आतले पाणी तिच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपून बाहेर येते आणि तेथे त्याची वाफ होते. पाण्याचे सर्व रेणू सारख्याच वेगाने हालत नाहीत. जे अधिक वेगवान, तेच पृष्ठभाग सोडून हवेत निसटतात. मागे राहतात ते मंद रेणू. साहजिकच उरलेल्या पाण्याचे तापमान उतरते.

किती पाणी उडून जावे लागते? हिशेब सोपा आहे. माठात १० लिटर, म्हणजे १०,००० ग्रॅम पाणी आहे असे समजा. ते १० अंश सेल्सिअसने थंड करायचे तर १,००,००० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. नेहमीच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी खर्ची पडतात. १,००,००० ला ५८० ने भागा. उत्तर येते सुमारे १७२ ग्रॅम. म्हणजे जेमतेम पेलाभर पाणी उडून जाते आणि बाकीचा माठ गार करून जाते! प्रत्यक्षात बाहेरची उष्णताही सतत आत येत असते, म्हणून थोडे अधिक पाणी खर्च होते.

आता रत्नागिरीचा माठ. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर जितके रेणू माठावरून निसटतात त्यांतले पुष्कळसे परत येऊन मिळतात. बाष्पीभवन मंदावते. थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरले असता जे तापमान दिसते, त्याला 'ओल्या फुग्याचे तापमान' म्हणतात. माठातले पाणी याच्याखाली जाऊ शकत नाही. हवा ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर हे तापमान सुमारे २४ अंश येते. हवा ३४ अंशच, पण आर्द्रता ७० टक्के असेल, तर ते सुमारे २९ अंश येते. पहिल्या ठिकाणी १८ अंशांचा उतार, दुसऱ्या ठिकाणी अवघा ५ अंशांचा. दोष माठाचा नव्हे, हवेचा!

कुरडया वाळतात त्याही बाष्पीभवनानेच. मग माठ सावलीत आणि वाळवण उन्हात का? माठाच्या बाबतीत आपल्याला गारवा हवा असतो, म्हणून बाहेरची उष्णता टाळायची. वाळवणाच्या बाबतीत केवळ पाणी घालवायचे असते, म्हणून उन्हाची उष्णता मुद्दाम पुरवायची. आजी कुरडया पातळ पसरायची आणि उलटवायची, ते हवा लागणारा पृष्ठभाग वाढावा म्हणून.

तिसरा माठ म्हणजे आपले शरीर. घाम वाळला तरच अंग गार होते. नुसता ठिबकला तर नाही. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंशांवर गेले, तर सावलीत स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसालाही अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. उन्हात किंवा कष्ट करताना धोका त्याच्या बराच अलीकडे सुरू होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी तेथे विदर्भासारखे ४५ अंश तापमान नव्हते. तेव्हा केवळ तापमानाचा आकडा पाहून निर्धास्त राहू नका. दमट दिवशी भर दुपारचे खेळ आणि कवायती टाळाव्यात, हे शिक्षकांनीही ध्यानात घ्यावे.

एक प्रयोग करून पाहा. प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर घ्या. (ताप पाहण्याचा नको, त्यातला पारा आपोआप उतरत नाही.) एकाच्या फुग्याला स्वच्छ सुती फडके गुंडाळून त्याचे टोक वाटीतल्या पाण्यात सोडा. दोन्ही सावलीत, वारा येईल तेथे टांगा. दहा मिनिटांनी दोन्हींतला फरक लिहा. शेजारी माठातल्या पाण्याचे तापमानही नोंदवा. असे सुट्टीभर रोज करा, आणि पहिला वळीव पडून गेल्यावरही करा.

शेवटी दोन प्रश्न. माठाला बाहेरून तैलरंग दिला तर काय होईल? आणि क्षारयुक्त पाणी भरलेला जुना माठ हळूहळू गार करीनासा का होतो? उत्तरे माठालाच विचारा!