शिडाची यॉट की मोटर क्रूझर? पैसे घालण्यापूर्वीचा हिशेब

आखातात पंधरा-वीस वर्षे राबून परतलेले आपले काही कोकणी भाऊ गावच्या खाडीत पर्यटकांसाठी बोट घालावी म्हणतात. व्याजाचे कर्ज नको म्हणून चार भाऊबंद शराकतीत रक्कम उभी करतात. सौदा फसला तर एका नव्हे, चार घरांची जमापुंजी बुडते. म्हणून शिडाची यॉट घ्यावी की मोटर क्रूझर, हा प्रश्न शौकाचा नाही, तिजारतीचा आहे.

पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातील लांबीवर ठरतो. फुटांतील लांबीचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणावे, साधारण तितके नॉट. ३० फुटांना सुमारे सव्वासात नॉट आले. त्यापुढे इंजिन मोठे लावले तर तेल जळते, वेग फारसा वाढत नाही. क्रूझरचा तळ वेगळा असतो. ती पाण्यावर उचलली जाते आणि २० नॉटने धावते. पण २०० हॉर्सपॉवरचे एक डिझेल इंजिन पूर्ण जोरात ताशी ३५ ते ४० लिटर पिते, आणि अशी इंजिने बहुधा दोन असतात.

मुंबई ते रत्नागिरी समुद्रमार्गे सुमारे १२० सागरी मैल. क्रूझर सहा तासांत पोचेल, पण साडेचारशे लिटरच्या आसपास डिझेल जाईल. यॉट पाच नॉटने पूर्ण दिवस-रात्र घेईल. वारा पडला आणि सारा रस्ता छोट्या इंजिनावर काढला, तरी ७०-८० लिटरांत भागेल.

मात्र वारा फुकट असला तरी आपल्या मर्जीचा नसतो. पावसाळा सरल्यावर दुपारी खारे वारे बहुधा वायव्येकडून येतात. दक्षिणेला जाताना ते पाठीशी, परतताना तोंडावर. समोरच्या वाऱ्यावर शीड थेट चालत नाही, सुमारे ४५ अंश तिरके जावे लागते. १२० मैलांचे १७० होतात. जुने नाखुदा मौसम पाहून निघत, गिऱ्हाईक घड्याळ पाहून निघते.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. शीड म्हणजे अखेर कापडच. पूर्वी सुती असे, ओलीने कुजे. आता बहुतेक पॉलिएस्टरचे, म्हणजे १९४१ साली इंग्लंडात शोधलेल्या टेरिलीनच्याच जातीचे. ते कुजत नाही, पण ऊन त्याला खाते. जुनी यॉट घेताना दलाल रंग दाखवील, तुम्ही शीड उलगडायला सांगा. नवे शीड कडक असते, कागदासारखे वाजते, कारण विणल्यावर त्याला राळेचे फिनिश दिलेले असते. हातात मऊ लुंगीसारखे पडले तर फिनिश गेले समजा. उभ्या-आडव्या धाग्याने नव्हे, तिरप्या अंगाने ओढून पाहा; फार ताणले तर ते वाऱ्यात फुगेल, आकार धरणार नाही. शिलाईवर नख फिरवा. कापडाआधी शिलाईचा दोरा मरतो, कारण तो वर उघडा असतो. दोरा तुटत गेला आणि कापड जिवंत असेल तर नवी शिलाई घालून काम भागते. कापडच मेले असेल तर नव्या शिडांची रक्कम सौद्यातून वजा करून मागावी.

खाडीचाही विचार हवा. ३५ फुटी यॉटची कील पाण्यात पाच-सहा फूट जाते. मुखाशी वाळूचा दांडा असेल तर ओहोटीत ती अडकणार. डोलकाठी पन्नास फुटांच्या आसपास, ती रस्त्याच्या पुलाखालून जात नाही. आपल्या किती खाड्यांवर पूल झाले, मोजून पाहा.

माझे मत विचाराल तर तासाच्या फेरीसाठी दोन्ही नकोत. एकाच डिझेल इंजिनाची, सहा-सात नॉटची रुंद बोट पुरे. यॉट त्यानेच घ्यावी ज्याचे गिऱ्हाईक मुक्कामी येते आणि शिडाचेच पैसे देते. वेगवान क्रूझर भाड्याने चालवणाऱ्याने वर्षात किती दिवस भाडे मिळेल ते आधी लिहून काढावे. पावसाळ्याचे महिने त्यात धरू नयेत. प्रवासी नेण्यासाठी नोंदणी व तपासणी लागते, त्याचीही रक्कम बाजूला ठेवावी. बयाणा देण्यापूर्वी बोट पाण्याबाहेर काढून तळ पाहावा, आणि काढण्याचा खर्च कोणाकडे हे शराकतनाम्याआधी कागदावर घ्यावे.